चौदा नंबरचा भाव

योगराज पाटील घरांची किंमत ठरवणाऱ्या एका व्हॅल्युअरकडे बारा वर्षं नोकरीला होता. कुणी घरासाठी बँकेचं कर्ज मागितलं की हा टेप घेऊन जायचा, खोल्या मोजायचा, भिंतींची ओल बघायचा आणि आसपास तसंच घर कितीला गेलं ते शोधायचा. पारोळ्याहून सुरतेत आला तेव्हा तो कापडाच्या लूमवर कामाला होता. आता तिथल्या बमरोली वस्तीत लोक त्याला 'साहेब' म्हणत, आणि त्याला ते आवडायचं. जरा जास्तच आवडायचं.

या कामातली एक गोष्ट नवख्याला हमखास चकवते. सुरतेत रोखीचा सौदा म्हटलं की लोक डोळा मारतात, पण इथे दोन नंबरच्या पैशाची गोष्ट नाही. कर्ज न काढता सगळी रक्कम एका चेकने देणारा, तोही रोखीचंच गिऱ्हाईक. विकणाऱ्याला बँकेची वाट बघावी लागत नाही, म्हणून अशा गिऱ्हाइकाला घर स्वस्तात मिळतं. विकणारा अडलेला असेल तर आणखी स्वस्त. अशा घराशी तुलना करायची तर त्याचा भाव तेवढा वर चढवायचा आणि कारण रिपोर्टात लिहायचं. नव्या माणसांना योगराज हे फार छान समजावून सांगे.

मग सरलाबाईंची फाइल आली. साड्यांच्या घड्या घालणारी ही विधवा बाई त्याच्याच ओळीतलं पंधरा नंबरचं घर चोवीस लाखांना घेत होती. सहा लाख तिच्याकडे होते, अठरा बँकेचे हवे होते. बँक देणार ती रिपोर्टातल्या किमतीच्या पंचाहत्तर टक्के. ओळीत वर्षभरात एकच घर विकलं गेलं होतं, चौदा नंबर, वीस लाखांना. तो भाव तसाच धरला तर कर्ज पंधराच लाख मिळणार आणि सौदा मोडणार.

"भाऊ, बानाना पन्नास हजार बुडी जातीन," सरलाबाई म्हणाल्या. बाना म्हणजे इसार. "तू खरं काय ते लिख, बस."

खरं काय ते योगराजला पक्कं ठाऊक होतं. चौदा नंबर त्यानेच घेतलं होतं.

ते घर भिकनचं. एक गिऱ्हाईक चोवीस लाख द्यायला तयार होतं, आणि त्याच्या कर्जासाठी घर मोजून चोवीसचा रिपोर्टही योगराजनेच केला होता. पण कर्ज निघायला दोन महिने लागणार होते. भिकनच्या बायकोचं, शोभाचं, हृदयाचं ऑपरेशन आठ दिवसांत व्हायला हवं होतं. योगराजकडे हायवेत गेलेल्या शेताचे पैसे पडून होते. "साड्यांना मंदी आहे, भाव उतरलेत, वीसच्या वर मिळणार नाहीत," तो साहेबी थाटात म्हणाला. अडला हरी गाढवाचे पाय धरी. भिकनने सही केली. त्यानंतर योगराज ओळीत सगळ्यांना सांगत फिरला, की अडचणीत मदत केली. सांगता सांगता त्याला स्वतःलाही ते पटलं होतं.

कारण लिहायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण होतं. न लिहावं तर सरलाबाईंचं घर जात होतं. तो दोन दिवस चिडचिड करत राहिला, बायकोवर, सुषमावर, उगाच खेकसला, आणि तिसऱ्या दिवशी त्याने लिहिलं: चौदा नंबरचा सौदा एकरकमी, विकणारा आजारपणामुळे घाईत, म्हणून चार लाख वाढवून धरावेत.

"विकणारा घाईत होता? ए तने केम खबर?" मालक हसमुखभाईंनी विचारलं, हे तुला कसं ठाऊक म्हणून.

"घेणारा मीच होतो."

 हसमुखभाईंनी त्याच्याकडून फाइल काढून घेतली. दुसऱ्या दिवशी ते स्वतः जाऊन घर मोजून आले आणि योगराजचा चौदा नंबरचा जुना रिपोर्टही पुन्हा तपासला. किंमत चोवीसच ठरली. सरलाबाईंचं कर्ज मंजूर झालं.

त्या संध्याकाळी योगराज भिकनच्या भाड्याच्या खोलीवर गेला. शोभा भाजी निवडत होती. योगराजला लाज वाटत होती, तरी त्याने मंदीचं खोटं होतं इथपासून सगळं सांगितलं.

"माले तव्हयच माहीत व्हतं, भाऊ," भिकन म्हणाला. "पन डॉक्टरनी आठच दिन सांगेल व्हतात ना. बठ, चहा ले."

योगराज ते चार लाख न आणता, रिकाम्या हातांनी आला होता, आणि ते तिघांनाही दिसत होतं.