स्पीकरवर दिलेले उत्तर

सगुण लाईनमनला खरे बोलता येत नव्हते असे नाही. एकट्या माणसाशी तो सरळच बोलायचा. पण चार माणसे जमली की त्यांना ऐकायला जे बरे वाटेल तेच त्याच्या तोंडून बाहेर पडे. पार्से गावात वीज गेली आणि चार जणांनी खांबाखाली जमून विचारले, "सगुण, लायट केन्ना येतली?" की वरून ठरलेले उत्तर यायचे, "पाच मिण्टांत!" मग ती येवो दुसऱ्या दिवशी. लोक हसत घरी जायचे आणि मेणबत्ती शोधायचे. वर्षानुवर्षे हे असेच चालले होते आणि त्यात कोणाचे काही बिघडले नव्हते.

बिघडले ते त्याच्या मुलीचे. गौरवी त्याची एकुलती एक. पदवी झाली, न्यूझीलंडच्या एका विद्यापीठात अन्नप्रक्रियेच्या अभ्यासाला प्रवेश मिळाला, आणि व्हिसाचा अर्ज तिने कोणा एजंटाला न विचारता स्वतः भरला. काजूच्या हंगामात डोंगरावर बोंडवांचा, म्हणजे काजूफळांचा, सडा पडतो. थोड्यांची दारू, हुर्राक-फेणी, होते, बाकीचे तिथेच कुजतात. ते टिकवायचे कसे हे शिकून परत यायचे आणि गावातच लहानसा कारखाना काढायचा, असे तिच्या मनात होते. अर्जासोबत तिने तेच लिहिले, आणि सगुणला वाचूनही दाखवले. तो "बरा, बरा" म्हणाला.

गावात मात्र तो वेगळेच सांगत सुटला. मुलगी एवढी सातासमुद्रापार जाणार आणि परत येऊन बोंडू पिळणार, यात कसली आली शान? म्हणून दत्तप्रसादच्या हॉटेलात भाजी-पाव खाताना गौरवीला तिकडे नोकरी लागायची, बंगला व्हायचा, आणि सगुण-कमलाक्षी नवराबायको सुटाबुटात विमानातून उतरायची. ऐकणारेही काही कमी नव्हते. "सगुण, आमका विसरू नको हां!" म्हणत ते त्याला आणखी चढवायचे.

अशाच एका सकाळी फोन वाजला. व्हिसा ऑफिसातून बोलतोय, मुलीच्या खर्चाची जबाबदारी तुमची ना, काही विचारायचे आहे, असे पलीकडचा माणूस हिंदीत म्हणाला. शहाण्या माणसाने उठून बाहेर जाऊन बोलावे. सगुणने स्पीकर चालू केला. हॉटेलात आठ-दहा माणसे होती ना! नोकरी, पगार, घर, सगळी उत्तरे त्याने झोकात दिली. मग त्या माणसाने विचारले, "पढ़ाई के बाद बेटी वापस आएगी?"

सगुणने एकवार सगळ्यांकडे पाहिले. कालच तर त्याने विमानातून उतरून दाखवले होते. "वापस? वापस किसलिए आयेगी, साब? उधरच सेटल होगी. हमको भी बुलायेगी!"

हॉटेल हसले. पलीकडचा माणूस हसला नाही, "थँक यू" म्हणाला आणि फोन ठेवला. सगुणने आणखी एक चहा मागवला.

नकार ई-मेलने आला. गौरवीने तो आईबापांना मराठीत सांगितला: शिक्षण संपल्यावर अर्जदार मायदेशी परतेल याबद्दल आमची खात्री पटत नाही. हॉटेलातले आपले उत्तर सगुणला आठवले. त्याला तेव्हाच कळले. पण सांगायचे सोडून त्याने कामावर जायला हेल्मेट उचलले.

"माझ्याच लिवण्यात कायतरी चुकला," गौरवी म्हणाली. "माका नीट सांगूक जमला नाय."

आणि हे ती सगळ्यांना सांगू लागली. पाव आणायला दत्तप्रसादकडे गेली तेव्हा तिथे बसलेल्यांनाही तिने तेच सांगितले, वर हसून म्हणाली, "गावाचा नाव खराब केलंय." एकानेही मान वर केली नाही. हे कमलाक्षीने सगुणला जेवताना सांगितले. त्याने ताट अर्धे ठेवून हात धुतला.

तो त्या हॉटेलात जायचा बंद झाला. चहा प्यायला शेजारच्या गावात जाऊ लागला, आणि गावातून जाताना हेल्मेट काढेना. कोणी टोमणा मारला असता तर त्याने दोन शब्द ऐकवले असते. पण लोक गप्प होते, उलट जास्तच गोड बोलत होते. ते गोड बोलणे त्याला सोसवेना. लायट केन्ना येतली म्हणून कोणी विचारले तर आता तो खांबावरून म्हणायचा, "ठावक नाय." लोकांना त्याची काळजीच वाटायला लागली.

महिन्याभराने गौरवी पुन्हा अर्ज लिहायला बसली. रविवारची दुपार होती. लॅपटॉपवर ती भराभर काहीतरी पुसत होती.

"काय काढतंस?" सगुणने विचारले.

"बोंडवांचा सगळा. कोण ह्या खरा मानतला, पप्पा? तेंका वाटला आसतला पोरगी थापा मारता."

आता मात्र सगुण उभ्याचा खाली बसला. "ता काढू नको," तो म्हणाला. आणि मान खाली घालून त्याने सगळे सांगितले, स्वतःचे ते वाक्यसुद्धा, जसे बोलला होता तसे. कमलाक्षी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

गौरवी ओरडली नाही. "हॉटेलात कोण कोण होते?" एवढेच तिने विचारले. त्याने नावे सांगितली.

"म्हणजे सगळ्यांक खबर. फकत माका नाय." तिचा चेहरा लालबुंद झाला. "आनी मी तेंच्यासमोर जावन माझी चूक म्हणान सांगलंय."

तिने लॅपटॉप मिटला.

"पप्पा, तुमका खरा काय वाटता? मी परत येवचा का नाय?"

"येवचा," तो म्हणाला. "तुझ्याशिवाय आमी काय करतलव? पण तेंच्यासमोर तसा सांगूक माका लज दिसली गो."

म्हणजे त्या दिवशी त्याने नुसते मनातले सांगितले असते तरी पुरले असते. तिघांच्याही हे एकदमच ध्यानात आले. गौरवी उठून आत गेली आणि दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी सगुण दत्तप्रसादच्या हॉटेलात गेला, हेल्मेट काढले आणि उभ्यानेच म्हणाला, "चूक माझ्या चेडवाची न्हय. माझी."

"आमका ठावक आसा, सगुण," दत्तप्रसाद म्हणाला. "बस, चाय पी."

"मगे तिका सांगलास कित्या नाय?"

"तू सांगतलंस म्हणान गप रवलंव."

सगुण बाकावर बसला. चहा प्यायला आणि कामावर गेला.

त्या रात्री गौरवीने अर्ज पुरा केला. बोंडवांचा मजकूर तिने परत घातला होता. सगुण मागे उभा राहून बघत होता. वडिलांची माहिती भरून झाली. संपर्कासाठी फोन नंबर विचारला होता, तिथे तिने आईचा घातला.

"परत फोन इलो तर आई बोलतली," ती वर न बघता म्हणाली.

"बरा," सगुण म्हणाला. त्याला वाईट वाटले. पण त्याहून जास्त सुटल्यासारखे वाटले, आणि सुटल्यासारखे वाटले याचीच त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली.