वरच्या बाईंची गाठ

पाइपांच्या गोदामात तिला सगळे ‘वरच्या बाई’ म्हणायचे. छतालगत फिरणाऱ्या क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये ती बसायची. खालून मुकादमाने हाताने खूण केली की लोखंडी पाइपांचा भारा चुलीवरून दूध उतरवावं इतक्या अलगद ट्रकमध्ये ठेवायची.

“देवाच्या शेजारी बसता बाई, आमचंही जरा कानावर घाला त्याच्या!” मुकादम ओरडायचा.

“माझंच ऐकत नाही, तुमचं काय ऐकणार?” ती वरून म्हणायची.

ते खोटं नव्हतं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. चाळिशी उलटली तरी तिने आशा सोडली नव्हती. त्यात पोट जड व्हायला लागलं. घटकेघटकेला लघवीला लागायचं. शिडी उतरून संडासापर्यंत जाऊन परत चढेपर्यंत ट्रकवाले कपाळाला हात लावायचे, म्हणून तिने पाणी पिणंच सोडलं. पाळीत इतकं अंगावरून जायचं की चेहरा पांढराफटक पडायचा. एकदा शिडीच्या मध्यावरच डोळ्यांपुढे अंधारी आली. दोन्ही हातांनी शिडीला मिठी मारून ती तशीच थांबली. मुकादम मागून चढला आणि पाठीला खांदा लावून, एकेक पायरी करत त्याने तिला खाली आणलं.

नवऱ्याने दुसऱ्याच दिवशी तिला दवाखान्यात नेलं. चष्म्याच्या काचा घासून बसवण्याचं त्याचं काम, माणूस मितभाषी.

“गर्भाशयात मोठी गाठ आहे, फायब्रॉइड,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “कॅन्सर नाही. पण ती मूत्राशयावर दाबते आहे, आणि उजव्या किडनीची नळीही चेपते आहे. किडनी फुगली आहे. आता थांबून चालणार नाही.”

गर्भाशय काढून टाकणं हा एक मार्ग होता. नुसती गाठ कापून काढायची, तर ती फार खोल होती आणि अंगात रक्त नव्हतं. तिसरा मार्ग म्हणजे पोट न फाडता मनगटातून बारीक नळी घालायची, गाठीचा रक्तपुरवठा बारीक कणांनी बंद करायचा. गाठ हळूहळू आक्रसते, गर्भाशय जागेवर राहतं.

“आणि मूल?” तिने विचारलं.

“खात्री देता येत नाही. काहींना राहतं. पण तुमच्या वयात कधीकधी बीजकोशांचंही रक्त कमी होतं. त्यांचं काम मंदावतं, काही वेळा थांबतंही.”

तिने एवढंच ऐकलं, की काहींना राहतं.

तिसराच मार्ग ठरला. नळी घातली त्या दिवशी पोटात इतकं दुखलं, की नवऱ्याचं मनगट तिने निळं होईपर्यंत आवळलं. पुढे चार दिवस ताप. मग मात्र सगळं डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसंच होत गेलं. पोट उतरलं. किडनीची सूज गेली. केबिनमध्ये बसून ती बाटलीभर पाणी प्यायली आणि एक अख्खी गाडी भरून झाली तरी खाली उतरावं लागलं नाही.

पाळी दोनदा जेमतेम आली. मग चुकली.

ती कुणाला बोलली नाही. जड पिशवी उचलायची वेळ आली की नवऱ्याला म्हणायची, “अहो, ही तेवढी घ्या.” शिडी जपून चढायची. आणखी एक पाळी चुकली, तेव्हा दुकानातून चाचणीची पट्टी आणली. एकच रेघ. पट्टी खराब निघाली असेल म्हणून दुसरी आणली. तीही तशीच. पुढच्या आठवड्यात भर थंडीत केबिनमध्ये कानशिलं तापली, पाठीवरून घामाची धार लागली.

रक्ताची तपासणी बघून डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून ठेवला. “बीजकोश थांबलेत. पाळी परत येईल असं वाटत नाही.” आवाज मऊ होता. “किडनी मात्र उत्तम आहे हो. उशीर केला असता तर ती गेली असती.”

भांडायला काही जागाच नव्हती. डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नव्हतं, कुणाचा हात चुकला नव्हता.

घरी येऊन ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. नवरा दारात उभा.

“थांबतंही म्हणाल्या होत्या,” तो खाली बघत म्हणाला. “मी ऐकलं होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुझा चेहरा असा फुलला होता, की जीभच रेटली नाही. आणि बोललो असतो, तर तू काय निवडलं असतंस?”

गाठ ठेवता येत नव्हती. गर्भाशय काढलं असतं तरी मूल नव्हतंच. “हेच,” ती म्हणाली आणि मग तिला रडू फुटलं. तो जवळ आला, पण हात कुठे ठेवावा ते त्याला कळेना. शेवटी त्याने स्टुलाच्या पाठीमागे उभं राहून तिच्या केसांवर हनुवटी टेकवली.

गोळ्यांनी अंगाची आग कमी झाली. शिडी ती आता न थांबता चढते. रक्त वाढलंय, गालांवर रंग आलाय.

“बाई, तब्येत झकास झाली हं तुमची!” मुकादम परवा मनापासून म्हणाला.

“हो,” ती म्हणाली. खरंच होतं ते. म्हणून तर त्याच्यावर चिडताही येईना.