सत्तरीतलं डोहाळजेवण

आम्ही पिशोर सोडलं त्या सकाळी आमच्या गल्लीतल्या बायांची मोठी पंचाईत झाली होती. रडावं की नाही, हेच कुणाला ठरवता येईना. काळी-पिवळी जीप दारात उभी, टपावर माझं शिलाई मशीन सुतळीनं बांधलेलं, आणि जिच्यासाठी रडायचं ती माझी आई ड्रायव्हरशेजारची जागा पकडून, खिडकीतून डोकं बाहेर काढून सगळ्यांना सूचना देत होती. शेजारच्या सखूमावशीनं पदर डोळ्याला लावला, तशी आई म्हणाली, "सखू, मी तपासायला चालले. रडायचं ते परत आल्यावर रड, मला बी बघायला मिळंल."

सखूमावशीनं पदर खाली घेतला आणि आईच्या हातावर दही ठेवलं. आईनं ते चाटलं, आंबट नाही म्हणून नावं ठेवली, आणि "आठ दिवसांत येते" असं सांगून जीप हलवायला लावली.

आठ दिवसांचे पाच महिने झाले. अंडाशयाचा कॅन्सर, पोटभर पसरलेला, शेवटच्या टप्प्यातला. डॉक्टरांनी मला एकटीला बाहेर बोलावलं होतं. आई माझ्या पाठोपाठ आली आणि त्यांना म्हणाली, "माझ्या पोटाचं हिला काय सांगता? मला सांगा." त्यांनी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि कँटीन कुठं आहे ते विचारलं.

दवाखान्याजवळ, उस्मानपुऱ्यात आम्ही एक खोली भाड्यानं घेतली. वर नसीमआपा, समोर साळवे सिस्टर, मध्ये आम्ही मायलेकी. शहरात शेजारी मेला तरी कळत नाही, असं पिशोरात सगळे छातीठोकपणे सांगतात. मला इथं शिंक आली तरी वरून आवाज यायचा, "क्या हुआ, मंदा?" केमोच्या दिवशी नसीमआपांच्या नवऱ्याची रिक्षा सकाळीच दारात उभी असे. साळवे सिस्टर नोकरीतून निवृत्त झाल्या होत्या, पण सुई दिसली की त्यांच्या अंगात यायचं. आईची शीर त्यांनाच सापडायची. पिशोरहून भाकरी आणि ठेचा सकाळच्या एस्टीनं येई. कंडक्टर माझ्या हातात डबा द्यायचा आणि झाकणावर नाक ठेवून म्हणायचा, "आज कुणाच्या घरचाय?"

केमो सुरू झाल्यावर आईचे केस गेले आणि नाकाला धार आली. नसीमआपांनी वरच्या मजल्यावर कांदा चिरायला घेतला की खाली आई बादली मागायची. डॉक्टर दारातून आत यायच्या आधी मला सांगायची, "यानं आज अंडं खाल्लंय." आणि दरवेळी खरं निघायचं, कारण मी विचारून बघितलंय.

पोटात पाणी व्हायचं. ते काढलं तरी पुन्हा भरायचं. एकदा आई आरशासमोर आडवी उभी राहिली, पोटावरून हात फिरवला आणि म्हणाली, "मंदे, सातवा लागला असंल."

चिंचेची वाटी घेऊन आलेल्या नसीमआपा दारातच खाली बसल्या. "तौबा अम्मा," म्हणाल्या, आणि हसून हसून त्यांना उठता येईना. मग आईला चेव आला. ओकाऱ्या होतात, आंबट लागतं, पोट वर आलंय, आता अजून काय राहिलं? आणि त्या ओघात तिनं जुनं दुःख काढलं. माझ्या वेळचं तिचं डोहाळजेवण ठरलं होतं. पाट मांडला, फुलं आली, पेढे आले, आणि नेमक्या त्याच दुपारी तिचा आजेसासरा गेला. "मेला तो मेला, माझे पेढे घिऊन गेला," आई म्हणाली.

साळवे सिस्टर चष्मा पुसत म्हणाल्या, "मग राहिलेलं करून टाकू की."

मला वाटलं, थट्टा चाललीय. दुसऱ्या दिवशी नसीमआपांनी गच्ची झाडून घेतली आणि आईनं माझ्या फोनवरून पिशोरला आवतण धाडलं.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी नवा सीटी स्कॅन बघितला. औषधाला गाठी दाद देत नव्हत्या. म्हणाले, आणखी एक औषध देऊन बघता येईल, पण त्रास फार होईल आणि उपयोगाची खात्री नाही. नाहीतर घरी न्या, दुखू नये याची औषधं देतो. आई म्हणाली, पिशोर. मी म्हणाले, औषध. तीन दिवस आम्ही भांडलो. मी रडून बघितलं, जेवण टाकून बघितलं. जेवण टाकण्यात मात्र ती माझ्या पुढं होती. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "वाट्यांवर सोडू."

डोहाळजेवणात तो खेळ असतोच. दोन वाट्या पालथ्या घालायच्या, एकीखाली पेढा, दुसरीखाली बर्फी. पोटुशीनं एक उचलायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. आईनं नियम बदलला. पेढा निघाला तर पिशोर, बर्फी निघाली तर सलाईन. सगळ्यांसमोर, मग कुणी बोलायचं नाही.

मी लगेच कबूल झाले, कारण वाट्या मीच मांडणार होते.

सखूमावशी, गल्लीतल्या सगळ्याजणींनो, आणि नसीमआपा, तुम्हीसुद्धा, हे मी आज पहिल्यांदा सांगतेय. तुम्ही सगळ्या तिथं होतात, पण तुम्हाला ठाऊक नाही. मी चौकातल्या दुकानातून फक्त बर्फी आणली आणि दोन्ही वाट्यांखाली बर्फीच ठेवली. मला लाज वाटली नाही. मला माझी आई हवी होती.

पिशोरहून जीप भरून बाया आल्या. गच्चीवर साळवे सिस्टरांनी पाट मांडला. आईला हिरवी साडी नेसवली, टकलावर गजरा राहीना तेव्हा नसीमआपांनी आपला रुमाल बांधून त्यावर तो टाचला. सखूमावशी ओटीचे तांदूळ हातात घेऊन अडखळली. विधवेची ओटी कशी भरायची, हे तिच्या चेहऱ्यावर सगळ्यांनी वाचलं. आई म्हणाली, "पोटात पाणी हाय, वरून तांदूळ पडले तर खिचडी हुईल. तुझं काय जातं? टाक." सखूमावशीनं टाकले.

मग मी वाट्यांचं ताट पुढं ठेवलं. आईनं एकदा माझ्याकडं बघितलं, डावीकडची वाटी चार बोटं उचलली, आत हात घातला, आणि जे काय होतं ते कुणाला दिसायच्या आत तोंडात टाकलं.

"पेढा," ती म्हणाली. तोंड भरलेलं होतं.

"अगं पण दाखव तरी," मी म्हणाले.

"खाल्ला की. चाळीस-पन्नास वर्सं वाट बघितली, अजून किती बघू?"

सखूमावशीला धीर निघेना. तिनं उजवीकडची वाटी उलटली. खाली बर्फी. "बघा," ती विजयानं म्हणाली, "इथं बर्फी, म्हंजे तिथं पेढाच व्हता." बायांनी टाळ्या वाजवल्या. नसीमआपांनी मला मिठी मारली आणि म्हणाल्या, "जाने दे बेटा, अम्मा कू घर होना." आई सावकाश चावत होती आणि माझ्याकडं बघत होती. तिला खोटं पाडायचं तर आधी मला चोर ठरावं लागत होतं.

चार दिवसांनी आम्ही पिशोरला उतरलो. सखूमावशी दारात उभी होती आणि कबूल केल्याप्रमाणे रडली. आईनं जीपमधूनच समाधानानं बघितलं आणि म्हणाली, "जरा मोठ्यानं."

ती अडीच महिने जगली. दुखण्याच्या गोळ्यांचं वेळापत्रक साळवे सिस्टर व्हिडिओ कॉलवरून बघायच्या आणि मी उशीर केला की मला झापायच्या. नसीमआपा दोनदा एस्टीनं आल्या, खिचडी आणि चिंचेचा खट्टा घेऊन. गल्लीतल्या बायांनी आईशेजारी बसायच्या पाळ्या लावल्या होत्या. तिथं गप्पा इतक्या रंगायच्या की ज्यांची पाळी नसायची त्यासुद्धा यायच्या.

एका दुपारी सगळ्या गेल्यावर मी तिचे पाय चेपत होते. डोळे मिटलेले ठेवून ती म्हणाली, "बर्फी बरी व्हती. साखर जरा जास्त."

माझे हात थांबले. "तुला कधी कळलं?"

"चार महिने वासानं ओकत व्हते मी. घरात पेढा आला असता तर मला कळला नसता व्हय?" मग पाय जरा पुढं करून, "चेप. थांबू नको."

ज्वारी पोटऱ्यात आली, कणीस अजून पानांच्या आत होतं, तेव्हा ती गेली. त्या दिवशी गल्लीतलं कुणी विचारात पडलं नाही, सगळ्या रडल्या.

मी मात्र मशीन घेऊन परत उस्मानपुऱ्यात आले. सलाईन लावताना आईची बाही वर सरकायची नाही म्हणून मी तिच्यासाठी बाहीला बटणं लावलेला ब्लाऊज शिवला होता. साळवे सिस्टरांनी तो आपल्या जुन्या वॉर्डात दाखवला होता. आता तसल्या ब्लाऊजांना मागणी आहे, आणि शिवायला आलेल्या बायांना मी आईच्या गोष्टी सांगते, त्यामुळं माप घ्यायला फार वेळ लागतो.

महिन्यातून एकदा पिशोरला जाते. निघताना नसीमआपा वरून विचारतात, "घर जा रई?" मी म्हणते, हौ. दोन दिवसांनी पिशोरहून निघताना सखूमावशी हातावर दही ठेवते आणि सांगते, "घरी पोचली की फोन कर." मी म्हणते, व्हय. दोघींपैकी एकीचं तरी चुकत असणार, पण मी दुरुस्त करत नाही. दही चाटते, ते अजूनही आंबट नसतं, आणि एस्टीत खिडकीची जागा पकडते.