ढगातलं विष आणि घाटनांदूरचे पाहुणे

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी मी सुट्टीत नेकनूरला आले आणि त्याच आठवड्यात मला बघायला घाटनांदूरहून पाहुणे आले. अर्थात योगायोगानं. आईनं आदल्याच दिवशी लाडू वळले होते, तेही योगायोगानंच.

मुलगा मोबाइलमध्ये गुंतलेला. बोलायचं काम त्याच्या काकांकडं. ते राजकारणातले, त्यामुळं ऐकायची सवय सुटलेली.

"पोरगी काय करती?" त्यांनी वडिलांना विचारलं. मी समोरच बसले होते.

"गॅसवर पीएचडी करती," वडील अभिमानानं म्हणाले.

काकांचा चेहरा उजळला. "मंग एजन्सी मिळंल की! आमच्याकडं टाकीची लई बोंब हाय."

मी समजावून सांगायला घेतलं. शिकलेल्या माणसाला ही खोड असतेच. मी म्हणाले, तारे जन्मतात थंड, दाट वायूच्या ढगांत. तिथं बहुतेक हायड्रोजन, पण तो एवढ्या थंडीत गप्प असतो, त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून त्यात मिसळलेले दुसरे रेणू शोधायचे. प्रत्येक रेणू आपापल्या ठरलेल्या रेडिओलहरी सोडतो, त्याची रेघ आम्हाला दुर्बिणीत सापडते. काही रेणू विरळ वायूतही चमकतात. माझा रेणू मात्र दाट गर्दी असल्याशिवाय उजळत नाही.

"आमच्या कार्यकर्त्यावानी," काका म्हणाले.

मला वाटलं, जमलं.

"नाव काय त्याचं?"

"हायड्रोजन सायनाइड."

मुलानं पहिल्यांदाच मान वर केली. "काका, इष हाय ते."

तोंडाजवळ नेलेला लाडू काकांनी हळूच बशीत ठेवला. "आमी कळवतो."

कळवलंही: पोरगी हुशार हाय, पण सैपाक तिच्याच हातचा खायचा हाय.

"कावून सांगितलंस? नुस्तं हायड्रोजन म्हनली असतीस तर जीभ झडली असती का?" आई दोन दिवस धुमसत होती. वडील गोठ्यात जाऊन हसून आले. मला आधी राग आला, मग त्या पाहुण्यांच्या घरात नांदण्याचं चित्र डोळ्यांपुढं आलं आणि फार हलकं वाटलं. बशीतला लाडू मीच खाल्ला.

गोष्ट गावभर झाली. शेजारची काकू हळूच येऊन म्हणाली, "उंदरं लई झालीत गं. थोडं देतीस का तुझ्यातलं?"

"माझ्याकडं नाही काकू. ते मृग नक्षत्रातल्या ढगांत सापडतं."

"म्हंजी पाऊस लागंपर्यंत थांबायचं व्हय?" ती वैतागली, आणि बहिणीकडून मांजर आणायला निघाली.