दोराचं दुसरं टोक

शिशाच्या वजनांचा पट्टा, टॉर्चला पाणी लागू नये म्हणून पाइपाची डबी, गुडघ्यांवरची रबरी ठिगळं आणि दर मीटरला गाठ मारलेला चोवीस मीटर दोर. हे सगळं मी स्वतः केलंय, कुठलाही क्लास न लावता. पाण्याखाली श्वास घ्यायचा हवेचा सिलिंडर तेवढा विकतचा.

मंडळी, आज सकाळी डिंगोऱ्याजवळ धरणात बुडालेली एका शेतकऱ्याची पाणी उपसायची मोटार काढायला उतरलो. काठावर दोर धरून आमची कमल, म्हणजे घरची. नियम माझाच: तिने शंभर आकडे मोजून एक हिसका द्यायचा, मी उलट दोन द्यायचे.

पाणी लई गार. नऊ मीटरवर मोटारीला दोर बांधत होतो, तेवढ्यात हिसका आला. मी दोन दिले. तरी तिने मला वर ओढलंच.

मी चिडलो. "दोन हिसके दिले की."

"एकबी न्हाई आला. बोटं बघा तुमची."

बोटं निळी पडलेली, मूठ मिटत नव्हती. दोर हातातून नुसता सरकला होता आणि मला कळलंही नव्हतं. पट्ट्याचं बक्कल तिनेच सोडलं. "सगळं सोताच करता ना, मग हे बी करा की."

आज हे लिहितोय ते तिच्या मोजण्यामुळे.

दुपारी ऊन चढल्यावर पुन्हा उतरून मोटार काढली. शेजारचा कॅम्पवाला बघत होता. "भाऊ, आमच्या पर्यटकांना पाण्याखाली न्या. दोर धरायला आमची माणसं आहेत, वहिनींना घरी बसू द्या."

तुम्ही काय केलं असतं? मी नाही म्हणालो. महिना चाळीस हजार देत होता.