बेलूरऐवजी नवनगर

कारखान्यातली आमची लाईन बंद होऊन माझं काम गेलं, त्या दिवशी मी घरी सांगितलं नाही. उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी बायकोने नेहमीच्या वेळी चहा दिला, मी नेहमीच्या वेळी बाहेर पडलो, आणि मग ते तसंच चालू राहिलं. अडीच महिने.

धारवाडजवळ बेलूरच्या त्या कारखान्यात मी सतरा वर्षं टूलरूममध्ये फिटर होतो. वडील बेळगावकडून हमालीसाठी हुबळीला आलेले. आयटीआय करून कायम नोकरीला लागलेला आमच्या घरातला पहिला मीच. रविवारी विहारात वंदनेला गेलं की थोरली माणसं आपल्या पोरांना माझ्याकडे बोट करून दाखवायची. काम गेल्यावर मी वंदना संपली की चप्पल घालून लवकर निघायला लागलो.

रोज सकाळी धारवाडच्या घरातून निघून बेलूरच्या बाजूला चालत जायचो. कोपरा ओलांडला की मागच्या गल्लीतून वळून उलट दिशेची, हुबळीची बस धरायची. पगाराच्या तारखेला कंपनीने दिलेल्या हिशेबाच्या पैशातून घरी देत होतो. सुरुवातीला नुसता हिंडत होतो. उणकलच्या तळ्याकाठी बसून बघितलं, पण मला बसता येत नाही. हात रिकामे असले की मी नखांभोवतीची कातडी सोलतो. अमरगोळच्या मार्केट यार्डात गेलो तर दर दहा पावलांवर कुणीतरी ओळखीचं दिसल्यासारखं व्हायचं. तिथूनच निसटून नवनगरात शिरलो आणि एका शेडवर पाटी दिसली. आपल्याला लागणारी वस्तू आपण येऊन बनवा, असं कन्नडमध्ये लिहिलं होतं.

आत थ्रीडी प्रिंटर होते, लेझरने पत्रा-प्लायवूड कापायचं मशीन होतं, कॉलेजची पोरं-पोरी होती. जागा सांभाळणाऱ्या बाईंना सगळे अक्का म्हणत. काय बनवायचंय, असं त्यांनी विचारलं. मी नुसता बघतोय म्हणालो. कोपऱ्यात एक लहान लेथ धूळ खात पडला होता. त्याचा चक, म्हणजे काम पकडून फिरवणारा जबडा, डुगडुगतो म्हणून कुणी हात लावत नव्हतं. दुपारपर्यंत मी तो सरळ केला. दुसऱ्या दिवसापासून मी तिथला अण्णा झालो. कंपनीतून लांबच्या रजेवर आहे, असं अक्कांना सांगितलं. घरी एक खोटं होतंच, इथे दुसरं लावलं.

काम मात्र भरपूर. एका मिरचीच्या व्यापाऱ्याला पोत्यांवर नाव छापायला अक्षरं कापलेला पत्रा हवा होता. कापला, तर गोल गोल कन्नड अक्षरांची पोटं गळून खाली पडली. मध्ये बारीक पट्ट्या सोडून परत कापला. कलघटगीचा एक शेतकरी फवारणीच्या पंपाचं तोंड घेऊन तीनदा आला, कारण आम्ही केलेलं तीनदा गळलं. तो शांत असायचा. मीच त्याची वाट बघत दारापर्यंत येरझाऱ्या घालायचो. चौथं नीट बसलं तेव्हा त्याने पिशवीभर काकड्या दिल्या. त्या घरी नेल्या तर कारखान्यात काकड्या कुठून आल्या, हे सांगावं लागलं असतं. तिथेच सगळ्यांनी मीठ लावून खाल्ल्या.

बायको घरी साड्यांना फॉल-पिको करते. एका संध्याकाळी तिच्या मशीनमधलं दात्यांचं चक्र तुटलं. अंगठ्याच्या नखाएवढं, प्लॅस्टिकचं. दुकानात मिळेना, मशीन जुनं झालं होतं. तिने मोठा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि कंपनीत कुणाला तरी दाखवा म्हणाली. लग्नसराई जवळ आली होती आणि साड्यांचा ढीग खुर्चीवर वाढत होता. मला ते चक्र बनवणं अवघड नव्हतं. पण आणून दिलं असतं तर कुठे बनवलं, कुणी बनवलं हे तिने विचारलंच असतं. मी रोज काहीतरी सांगत राहिलो. साहेब नाहीत, बाहेरची कामं बंद केलीत. तुकडा शर्टाच्या खिशात घेऊन मी रोज नवनगरला जायचो आणि तसाच परत यायचो.

आठ-नऊ दिवस गेले असतील. सकाळचे अकरा वाजले होते, मी ॲप्रन घालून प्रिंटरचं तोंड साफ करत होतो. मागून अक्कांचा आवाज आला, की अण्णांकडे द्या, ते बघतात. मी वळलो. समोर माझी बायको उभी होती, हातात रुमालाची पुरचुंडी. शेजारणीने तिला या जागेबद्दल सांगितलं होतं.

तिने माझ्या ॲप्रनकडे बघितलं. मग तिने पुरचुंडी टेबलावर सोडली. चक्राचे उरलेले तीन दाते होते. आणि ती माझ्याशी कन्नडमध्ये बोलली. घरात आम्ही मराठीच बोलतो.

"एष्टु होत्तु आगतदरी?"

किती वेळ लागेल, असं परक्या माणसाला विचारावं तसं अहो-जाहो करून.

"एरडु तासु," मी म्हणालो. दोन तास.

मी खिशातला तुकडा काढला आणि तिने आणलेल्या दात्यांना जोडून ठेवला. दोन्ही बरोबर जुळले. तिने ते बघितलं आणि बाकावर जाऊन बसली. मापं घेताना माझा व्हर्नियर दोनदा सटकला. चक्र संगणकावर काढलं, प्रिंटरला लावलं. मशीन एकावर एक थर देत होतं आणि मी तिच्या आणि मशीनच्या मध्ये फेऱ्या मारत होतो. एवढी वर्षं काम केलं, पण कधी कुणी समोर बसून बघितलं नव्हतं. अक्कांनी तिला चहा दिला, घर कुठे वगैरे विचारलं. तिने माझी ओळख सांगितली नाही.

चक्र घेऊन ती निघाली तेव्हा मी ॲप्रन काढून मागे गेलो. बसस्टॉपवर आम्ही दोघंच होतो.

"हल्ली तुमच्या शर्टाला तेलाचा वास येत नव्हता," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला बढती मिळाली. टेबलावरचं काम दिलं असेल."

मी बस येतेय का ते बघायला लागलो.

"विहारात सांगितलंही मी दोघी-तिघींना," ती म्हणाली.

बस आली. ती बायकांच्या बाजूला बसली, मी मागे उभा राहिलो. जागा होती तरी.

ते चक्र चार दिवसांत झिजलं. मग प्रिंटरमध्ये घालायची नायलॉनची तार आणून दुसरं छापलं, ते अजून चालतंय. विहारात तिनेच उभं राहून सांगितलं, आधी सांगितलं ते चुकीचं होतं, यांचं काम गेलंय. एका काकांनी मला बाहेर बोलावून घेतलं. मला वाटलं समजूत घालतील. त्यांनी पंख्याचं बिघडलेलं रेग्युलेटर दाखवलं. नंतर हुबळीत गोकुळ रोडवरच्या एका लहान वर्कशॉपमध्ये काम लागलं, आठवड्यातले चार दिवस. उरलेले दिवस नवनगरला जातो. अक्कांना खरं सांगितलं, तर त्यांना ते केव्हाच कळलं होतं म्हणे.

राग धरला तो आमच्या मुलीने. त्याच अडीच महिन्यांत कॉलेजच्या फॉर्मवर तिने वडिलांचा व्यवसाय, कंपनी, हुद्दा सगळं लिहून दिलं होतं. मला खोटं लिहायला लावलंत, एवढंच म्हणाली आणि बरेच दिवस बोलली नाही. आता बोलते. पण सकाळी मी चप्पल घालायला लागलो की पुस्तकातून मान वर न काढता विचारते, "अप्पा, आज कुठं?"

मी सांगतो. कुठली बस, कुठे उतरणार, कुणाचं काम आहे, परत किती वाजता. ती पुढे काही विचारत नाही आणि मला लगेच दाराबाहेर पडता येत नाही. अजून काही सांगायचं राहिलंय का, ते आठवत तिथेच थांबतो.