हातातला टॉवेल

बाप्तिस्मा घेऊन तो कालव्याच्या पाण्यातून वर आला, तेव्हा त्याच्या हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं आणि पांढरा सदरा अंगाला चिकटला होता. कमरेभर पाण्यात तो कुडकुडत उभा होता. टॉवेल माझ्या हातात होता. मी काठावरून हलले नाही.

हा दानियल, माझ्या धाकट्या बहिणीचा, रूथचा नवरा. दारूच्या नशेत त्याने तिच्या थोबाडीत अशी मारली की तिचा डावा कान कायमचा गेला. तेव्हापासून दर बुधवारच्या प्रार्थनासभेत गुडघे टेकून, त्याला पश्चात्ताप दे, असं मी देवाला विनवत आले. चर्चच्या मंडळीतल्या बायका म्हणायच्या, केवढं मोठं मन हिचं. पण माझ्या मनातला त्याचा पश्चात्ताप वेगळाच होता. त्यात तो रस्त्यावर पडून रडत होता आणि त्याला उठवायला कुणी येत नव्हतं. देवाने माझे शब्द तेवढे ऐकले. पापांतून तारण फुकट मिळतं, हे मी संडेस्कूलच्या मुलांना शिकवते. ते यालाही फुकटच मिळेल, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

बाप्तिस्मा देणाऱ्या पाळकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "ख्रिस्ताने तुझी सगळी पापं धुऊन टाकली," ते म्हणाले, तोवर मंडळी गाऊ लागली होती. माझ्या शेजारी उभ्या रूथचा डावा कान पाण्याकडे होता. तिने माझ्याकडे वळून विचारलं, "अक्का, काय म्हणाले पाळक?"

"काही नाही," मी म्हणाले. "पाणी फार गार आहे म्हणाले."

तिने माझ्या हातातला टॉवेल ओढून घेतला आणि चपला काठावरच टाकून ती पाण्यात उतरली.